फोन नवा, पॅक जुनाच



आम्ही मोखाडा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. माईकसमोर एकच जण बसली आहे, पण आज जे सांगायचं आहे ते आम्ही अकरा जणींनी बैठकीत बसून ठरवलं आहे. म्हणून बोलताना ‘आम्ही’च म्हणू.

आजचा विषय मोबाईलचा. फोन जुना झाला, काच फुटली, बॅटरी टिकेना, म्हणून नवा घ्यायचा. मग जुना रिचार्ज वाया जातो का? स्वस्तात मिळालेला पॅक सोडावा लागतो का? साधा प्रश्न वाटतो. पण गेल्या वर्षभरात आमच्या गटातल्या चार जणींनी फोन बदलला. दोघींचं नीट झालं, दोघींचं नुकसान झालं. कोणी चोरी केली नाही. माहिती नव्हती, आणि विचारायचं राहून गेलं. ते तुमचं राहू नये म्हणून आज बोलतोय.

आधी हे सांगू की फोन आता चैनीची वस्तू राहिली नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाईलवर लागू झाली, दिवसातून दोनदा फोटो काढून. मेट बाईचा फोन बंद, तर सगळ्यांच्या हजेरीचा घोळ. अंगणवाडीच्या ताईंना बाळांची वजनं मोबाईलवर भरावी लागतात. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते ते उगाच नाही. त्या फोनवर काम नीट चालत नव्हतं. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तिलाही ओटीपी लागला. बँकेचा मेसेज, गॅसचा मेसेज, आश्रमशाळेतल्या पोराचा फोन, सगळं त्या एका नंबरावर. म्हणून फोन बदलताना नंबर आणि रिचार्ज सांभाळणं हे घरच्या पैशाइतकंच जपायचं काम आहे.

आता आमच्या सचिवताईंची गोष्ट ऐका.

सचिवताईंचा फोन चार वर्षांचा. गटाच्या नोंदी भरताना मध्येच बंद पडायचा. गटातून कर्ज काढून त्या नवा फोन घ्यायला बाजाराच्या गावी गेल्या. फोन पसंत केला, पैसे दिले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “ताई, नवा फोन आहे, तर सिम पण नव्या कंपनीचं करून देतो. नंबर तोच राहील. फुकट आहे.” ताईंना वाटलं, नवा फोन घेतला की असंच करत असतील. त्यांनी आधार कार्ड दिलं, जुना फोन त्याच्या हातात दिला. त्याने एक मेसेज पाठवला, आलेला कोड लिहून घेतला, ताईंचा फोटो काढला. काम झालं.

पोरगा खोटं बोलला नव्हता. नंबर तोच राहिला, सिम फुकट मिळालं. पण दोन गोष्टी त्याने सांगितल्या नाहीत आणि आपल्या ताईंनी विचारल्या नाहीत. पहिली, ताईंनी तेवीस दिवसांपूर्वीच ८४ दिवसांचा रिचार्ज मारला होता, आठशे रुपयांच्या आसपासचा. एकसष्ट दिवस बाकी होते. कंपनी बदलल्यावर ते एकसष्ट दिवस गेले. हिशेब केला तर पाचशे ऐंशी रुपये. रोजगार हमीच्या कामावर दोन दिवस राबलं की जवळपास एवढे हातात पडतात.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. त्या नव्या कंपनीची आमच्या पाड्यावर रेंजच नाही. पाड्यामागच्या टेकडीवर चढलं की एक काडी दिसते. आणि एकदा कंपनी बदलली की ९० दिवस परत बदलता येत नाही, तसा नियमच आहे. तीन महिने आमच्या सचिवताई ओटीपीसाठी टेकडी चढत होत्या. भर पावसात, छत्री धरून.

त्या दिवसापासून आम्ही गटात एक गोष्ट पाठ केली. ती तुम्हीही पाठ करा. फोन वेगळा, सिम वेगळं, पॅक वेगळा.

फोन म्हणजे घर. सिम म्हणजे त्या घरात राहणारी बाई. पॅक म्हणजे बाईच्या कनवटीला बांधलेले पैसे. बाई जुन्या घरातून नव्या घरात राहायला गेली तर कनवटीचे पैसे कुठे जातात? तिच्याबरोबरच जातात. तसंच आहे हे. जुन्या फोनमधलं सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं की नंबर तोच, पॅक तोच, मुदत तीच. कोणाला विचारायला नको, कुठे अर्ज करायला नको. प्रीपेड रिचार्जचं आपल्याकडे असंच चालतं. याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

आमच्या दुसऱ्या ताईंनी हेच केलं. दुकानात पोरगा म्हणाला, नवं सिम घ्या. ताई म्हणाल्या, “आधी माझंच सिम घालून दाखव.” घातलं. एक फोन लावला, लागला. घरी आल्या. झालं काम.

मग पॅक अडचणीत येतो तरी केव्हा? आम्ही चौकशी करून चार प्रकार लिहून काढले. एकेक सांगतो.

पहिला प्रकार, सिम बसत नाही. जुन्या फोनचं सिम मोठं, नव्याला बारीक लागतं. किंवा सिम इतकं जुनं की फोरजीवर चालत नाही. बीएसएनएलची स्वदेशी फोरजी सेवा २७ सप्टेंबर २०२५ ला देशभरासाठी जाहीर झाली. ज्यांच्याकडे बीएसएनएलचं जुनं टूजी-थ्रीजीचं सिम आहे त्यांना फोरजीसाठी ते बदलून घ्यावं लागतं. अशा वेळी त्याच कंपनीच्या दुकानात जायचं, आधार न्यायचं आणि म्हणायचं, “कंपनी तीच ठेवा, नंबर तोच ठेवा, फक्त सिम बदलून द्या.” यात पॅक जात नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. सिम बदलल्यावर २४ तास मेसेज बंद असतात. चोराने तुमच्या नावाचं सिम काढून बँकेचे पैसे उडवू नयेत म्हणून हा नियम केला आहे. म्हणून बँकेत जायचं असेल, ई-केवायसी करायची असेल, तर त्याच्या आदल्या दिवशी सिम बदलू नका. आणि सिम बदलल्यावर सात दिवस कंपनीही बदलता येत नाही.

आमच्या तिसऱ्या ताईंनी असंच सिम बदललं. दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं, ते त्यांनी दोन दिवस पुढे ढकललं. काही अडलं नाही.

इथे आणखी एक. सिम कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आपल्याकडे बायकांच्या हातातली किती सिमं नवऱ्याच्या, दिराच्या, भावाच्या नावावर असतात. सिम बदलायला ज्याच्या नावावर आहे तोच माणूस दुकानात लागतो. तो भिवंडीला कामावर असेल तर तुमचं काम अडलं. जमलं तर नंबर आपल्या नावावर करून घ्या.

दुसरा प्रकार, कंपनी बदलणं, ज्याला पोर्ट करणं म्हणतात. नंबर तोच, कंपनी दुसरी. हे म्हणजे एका किराणा दुकानात आगाऊ पैसे ठेवले आणि माल दुसऱ्या दुकानातून आणायला गेलो. पहिल्या दुकानातले पैसे दुसरा दुकानदार धरत नाही. बाकी राहिलेले दिवस जातात, शिल्लक जाते. पोर्ट करूच नका असं आम्ही म्हणत नाही. आपल्या पाड्यावर एका कंपनीची रेंज नाही आणि दुसरीची आहे, तर जरूर करा. ती सोय २०११ पासून देशभर आहे. पण जुना पॅक संपत आला की मग करा. आणि आधी शेजारणीचं त्या कंपनीचं सिम आपल्या फोनमध्ये घालून, आपल्या पडवीत उभं राहून बघा. बाजारात रेंज आहे म्हणजे पाड्यावर आहे असं नाही.

आणि पोर्ट चाललंय हे ओळखायचं कसं? तुमच्या फोनवरून १९०० या नंबराला मेसेज गेला आणि उलट एक कोड आला, तर समजा कंपनी बदलायचं काम सुरू झालं. तो कोड चार दिवस चालतो. कंपनी बदलायची नसेल तर तो कोणाला देऊ नका.

तिसरा प्रकार, नवा नंबर. दुकानदार म्हणतो, फोनबरोबर नवा नंबर घ्या. मग जुन्या नंबरावरचा पॅक जुन्या सिममध्येच राहतो आणि तसाच संपून जातो. बँकेत, आधारला नंबर जुना, आणि हातात नवा. घ्यायचाच असेल तर दोन सिमचा फोन घ्या आणि जुनं सिमही त्यातच ठेवा.

आता चौथा प्रकार, तोच तो अपवाद. इथे खरंच जुना स्वस्त पॅक आणि नवा फोन यांत एक निवडावं लागतं. काही बटणांचे फोन असे आहेत की त्यांचा स्वस्त पॅक त्या फोनलाच बांधलेला असतो. २०१७ मध्ये जिओफोन आला, १५०० रुपये अनामत भरून. जुलै २०२३ मध्ये जिओभारत आला, ९९९ रुपयांना. त्याचा २८ दिवसांचा पॅक १२३ रुपयांचा, बोलणं अमर्याद आणि सगळं मिळून १४ जीबी नेट. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हाही जिओफोन आणि जिओभारतचे दर तेच ठेवले होते.

समजा तुमच्याकडे असा फोन आहे आणि मुलाने तुम्हाला मोठ्या काचेचा स्मार्टफोन आणून दिला. तुम्ही सिम काढून त्यात घातलं. तो पॅक त्यात चालणार नाही. फोन बिघडलेला नाही, सिम बिघडलेलं नाही. पॅक त्या बटणाच्या फोनचा आहे, एवढंच. स्मार्टफोनसाठी वेगळा, महाग रिचार्ज मारावा लागतो.

किती महाग? हिशेब मांडू, कागद घ्या. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. १२३ गुणिले १३, झाले १,५९९ रुपये. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ रुपये झाला. २९९ गुणिले १३, झाले ३,८८७. फरक २,२८८ रुपये, वर्षाला. लाडकी बहीणच्या दीड हप्त्याएवढे. दर पुढे बदलतील, पण हिशेबाची रीत हीच. फोनची किंमत म्हणजे नुसती दुकानातली पावती नव्हे. फोन घेतल्यावर दर वर्षी जास्तीचे किती जाणार, तेही त्यात धरा आणि मग ठरवा.

आमचा सल्ला विचाराल तर असा. ज्या बाईला फोन फक्त बोलायला आणि ओटीपीला लागतो, तिने बटणाचा फोन आणि स्वस्त पॅक सोडायची घाई करू नये. जिला गटाच्या नोंदी, हजेरी, पोरांचा अभ्यास असं काम आहे, तिने स्मार्टफोन घ्यावा, पण वाढीव खर्च कोण भरणार हे घरात आधीच बोलून घ्यावं. फोन मुलाने दिला आणि रिचार्ज मात्र आईच्या बचतीतून, असं व्हायला नको.

पॅक फोनला बांधणं ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत एटी अँड टी आणि व्हेरायझन नावाच्या कंपन्या पूर्वी अमर्याद नेटचे पॅक देत. एटी अँड टीने २०१० मध्ये आणि व्हेरायझनने २०११ मध्ये ते नव्या गिऱ्हाइकांना देणं बंद केलं. जुन्यांचे चालू राहिले. मग २०१२ मध्ये व्हेरायझनने सांगितलं, आमच्याकडून सवलतीत नवा फोन घ्याल तर जुना पॅक सोडा. पूर्ण किंमत मोजून घ्याल तर पॅक ठेवा. तेव्हा कितीतरी लोकांनी पॅक वाचवायला पूर्ण पैसे भरून फोन घेतले. त्यांच्याकडून आपण एवढंच शिकायचं की कोणी फोन स्वस्तात देत असेल तर त्याला काय बांधलंय ते विचारायचं. हप्त्यावर, सवलतीवर फोन मिळत असेल तर विचारा, “कोणता रिचार्ज मारावाच लागेल? किती महिने? नाही मारला तर काय?” उत्तर कागदावर मागा.

आता ‘अनलिमिटेड’ या शब्दाबद्दल. आपल्या पॅकवर अनलिमिटेड लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा बोलण्यासाठी. नेटला रोजची मर्यादा असते, दीड जीबी, दोन जीबी. ती संपली की नेट बंद होत नाही, पण इतकं मंद होतं की फोटोसुद्धा उघडत नाही. खरं अमर्याद नेट मिळतं ते फाइव्हजीवर. पण जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलने ते रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच ठेवलं. आणि फाइव्हजीचा फोन पाहिजे, शिवाय तिथे फाइव्हजीचा सिग्नल पाहिजे. म्हणून “फाइव्हजी फोन घेतला, आता मोठा पॅक घ्यावाच लागेल” असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. फाइव्हजीचा फोन फोरजीवर छान चालतो, जुन्या पॅकवर चालतो.

जुना दर कायमचा राहतो का, असंही बायका विचारतात. आपल्याकडे नाही राहत. वीस वर्षांपूर्वी आजीवन कार्डं आली होती, आठवतं का? एकदा पैसे भरा, जन्मभर फोन येत राहतील. २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी दर २८ दिवसांनी निदान ३५ रुपयांचा रिचार्ज मागायला सुरुवात केली. पुढे डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४, असे तीनदा मोठे दर वाढले. पण ज्या मुदतीचे पैसे आपण आधी भरले, ती मुदत जुन्या दराने पुरी होते. जुलै २०२४ मध्ये ज्यांनी दर वाढायच्या आधी ८४ दिवसांचा रिचार्ज ६६६ रुपयांत मारला, त्यांचे ८४ दिवस तसेच चालले. नंतर तोच पॅक ७९९ झाला. म्हणून दर वाढणार अशी पक्की बातमी आली आणि हातात पैसे असले, तर लांब मुदतीचा रिचार्ज आधी मारून ठेवावा. तसाही तो परवडतो. २९९ चे तीन म्हणजे ८९७, आणि ८४ दिवसांचा एकच म्हणजे ७९९. अठ्ठ्याण्णव रुपये वाचले. एकरकमी जमत नसेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या, पण व्याज त्या अठ्ठ्याण्णव रुपयांपेक्षा कमी आहे ना, ते बघून.

आता चौथ्या वहिनीची गोष्ट. ही आपल्या सगळ्यांच्या घरची आहे.

वहिनी दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली. तिथे फोन पडला, काच फुटली. तिने सिम काढून फडक्यात बांधून पेटीत ठेवलं. म्हटलं, पावसाच्या तोंडाला घरी गेलो की नवा फोन घेऊ. सहा महिने रिचार्ज नाही, वापर नाही. परत आल्यावर नवा फोन घेतला, सिम घातलं, चालेना. दुकानात विचारलं तर कळलं, नंबर बंद होऊन दुसऱ्या माणसाला गेला. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनीला नंबर बंद करता येतो. वहिनीचं बँक खातं, आधार, सगळं त्या नंबराला जोडलेलं. तिच्या खात्याचे मेसेज कोणा परक्या माणसाच्या फोनवर जाऊ लागले. नंबर बदलायला बँकेत एक खेप, आधार केंद्रावर दोन खेपा. लावणीच्या दिवसांत तीन दिवस मोडले.

म्हणून भट्टीवर, बागेत, शहरात कामाला जाणाऱ्या बायांनो, फोन मोडला तरी सिम रिकामं ठेवू नका. कोणाच्या तरी फोनमध्ये घाला, रिचार्ज चालू ठेवा, अधूनमधून एक फोन करा. ज्यांना नेट लागत नाही त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केला की फक्त बोलणं आणि मेसेज असलेले पॅकही कंपन्यांनी द्यावेत, आणि असे पॅक ३६५ दिवसांपर्यंतचे असू शकतील. जानेवारी २०२५ पासून ते मिळू लागले. दुकानदार स्वतःहून सांगत नाही, आपण मागायचं. “नेट नको, फक्त बोलायचा लांब मुदतीचा पॅक दाखवा,” असं म्हणायचं.

आता फोन घ्यायला जाताना काय करायचं ते थोडक्यात.

घरून निघायच्या आधी आपल्या रिचार्जची शेवटची तारीख कागदावर लिहा. सोबत गटातली एक जण न्या. जुना वापरलेला फोन घेत असाल तर त्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी नंबर येईल. दुसऱ्या फोनवरून इंग्रजीत के वाय एम, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळतं. पैसे देण्याआधी आपलं सिम घालून एक फोन लावून बघा. जुना फोन दुकानात देऊन टाकायच्या आधी त्यातले फोटो, नंबर काढून घ्या आणि पैशांची ॲप बंद करा. पैशांचं ॲप नव्या फोनमध्ये सुरू करताना बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं, हे लक्षात ठेवा.

आणि घरबसल्या कोणाचा फोन आला, “तुमचं सिम फाइव्हजी करून देतो, सिमवर छापलेला नंबर सांगा, ओटीपी सांगा,” तर फोन ठेवून द्या. असं काम फोनवरून करायचं नसतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. रिचार्जची, सिमची तक्रार असेल तर आपल्याच कंपनीला १९८ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. तक्रारीचा नंबर मिळतो, तो लिहून ठेवा.

शेवटी, आमच्या गटाने काय केलं ते सांगतो. गटाच्या वहीत आम्ही मागचं एक पान मोबाईलचं केलं. प्रत्येकीचं नाव, सिम कोणाच्या नावावर, कंपनी कोणती, रिचार्ज कधी संपतो, बँकेला नंबर जोडलाय का. पिन आणि पासवर्ड मात्र लिहायचा नाही. दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की ते पान वाचतो. कोणाचा रिचार्ज संपत आला, कोण भट्टीवर चालली, कोणाला फोन बदलायचा आहे, ते तिथेच कळतं. पान लिहिताना समजलं की अकरा जणींपैकी सात जणींचं सिम दुसऱ्याच्या नावावर होतं. आता त्यातल्या चौघींचं स्वतःच्या नावावर झालं आहे. तिघींचं बाकी आहे, तेही होईल.

सचिवताई आज आमच्याबरोबर इथे आल्या आहेत. नव्वद दिवस झाल्यावर त्यांनी नंबर परत जुन्या कंपनीत आणला. आता घरात बसून ओटीपी येतो. त्या म्हणाल्या, एवढं जरूर सांगा, की काउंटरवर कोणी कितीही घाई केली तरी बाईने एक प्रश्न विचारायचाच, “माझे बाकीचे दिवस राहतील ना?” उत्तर मिळाल्याशिवाय आधार कार्ड पिशवीतून बाहेर काढायचं नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे पान नक्की लिहा. जोहार.